मुलगी एक, शिंगं नाहीत

मी शिवलिंगआप्पांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बैलगाडीला अटक करत होते.

परभणीत येऊन मला चारच दिवस झाले होते. मुलींच्या मदरशात, म्हणजे निजामसरकारच्या शाळेत, मराठीच्या बाई म्हणून माझी नेमणूक झाली होती. बाजारातून खोलीकडे परतताना वाटेत घोळका दिसला. रस्त्याच्या मधोमध एक बैलगाडी जू जमिनीला टेकवून उभी होती. बैल सोडलेले, गाडीवान कुठल्याशा दुकानात गप्पा मारत बसलेला. गाडीसमोर एक उंच गृहस्थ उभे होते. अंगात काळी शेरवानी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. हातातला कागद ते त्या रिकाम्या गाडीला मोठ्यानं वाचून दाखवत होते. गाडी अर्थातच निमूट ऐकून घेत होती. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली, सोबतचे दोन म्हातारे बैल गाडीला जुंपले आणि गाडी घेऊन चालू पडले.

मी भाजीवालीला विचारलं, "हे काय करतायत?"

"कोंडवाड्याला न्यायलेत," ती मेथीवर पाणी शिंपडत म्हणाली.

"गाडीला?"

"गाडीलाच. बैल मालकानं आदीच न्हेले न्हवं."

कोंडवाडा भटक्या जनावरांसाठी असतो, एवढं मला ठाऊक होतं. कुणाच्या पिकात शिरलेली म्हैस, बाजारात मोकाट सुटलेला वळू यांना तिथं कोंडायचं आणि मालक आला की सोडायचं. शिवलिंगआप्पा तिथले मुन्शी. निजामसरकारची मोहर असलेलं एक रसीदबुक, एक घंटा आणि दोन चौकीदार एवढा त्यांचा संसार. मात्र कोंडवाड्याच्या कायद्यात गाडीचा उल्लेख कुठंही नव्हता. मला कायद्यातलं काही कळत नाही, पण चौकशा करण्याची खोड जुनी आहे. पुढं ओळख झाल्यावर मी त्यांना हे विचारलंच.

"आदी थांबा. मग बोला," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. तुम्ही आधीच थांबलेले असलात तरी म्हणत. "बैलासगट गाडी म्हंजी काय हाय? सवारी. खरं का न्हाई? बैल सोडलं की काय ऱ्हातंय? आर्धं जनावर. मग सबंध जनावराला कोंडता येतंय तर आर्ध्याला कामून न्हाई?"

तहसीलीतल्या कारकुनांनीही म्हणे यावर डोकं खाजवलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण आप्पांच्या या अर्ध्या जनावरामुळे बाजाराच्या दिवशी रस्ता निदान दिसू तरी लागला होता.

गाडी ओढायला त्यांनी जे बैल ठेवले होते तेही कोंडवाड्यातलेच. कधीकाळी कोणाच्या तरी शेतात सापडले, मालक आलाच नाही. एकाचं एक शिंग मोडलेलं, दुसरा एका पायानं अधू. आप्पांनी त्यांची नावं हुकूम आणि तामील, म्हणजे त्या हुकमाची अंमलबजावणी, अशी ठेवली होती. हुकूम बरा चालायचा. तामील दर दहा पावलांवर थांबून इकडंतिकडं पाहायचा, आणि आप्पा त्याला कधी मारत नसत. थांबणाऱ्याविषयी त्यांना मुळातच आदर होता.

दंड ते कुणाला करत नसत. गाडी सोडवायला आलेल्या माणसानं कोंडवाड्याच्या दारात उभं राहून आप्पांनी स्वतः लिहिलेली कलमं शेवटपर्यंत ऐकायची, एवढीच शिक्षा. कलमं पंचेचाळीस होती. मध्येच कुणी जांभई दिली तर पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणत, यापेक्षा दंड घ्या हो.

एकदा पोखर्णीचा एक शेतकरी गाडीतच घोंगडी पांघरून झोपला होता. आप्पांनी गाडीला कलम वाचून दाखवलं, घोंगडीकडं काही त्यांचं लक्ष गेलं नाही. दोन तासांनी तो गृहस्थ कोंडवाड्यात जागा झाला, तेव्हा चहूकडं म्हशी आणि शेळ्या. त्यानं डोळे चोळत विचारलं, "घर आलं का?" चौकीदारानं सांगितलं, घर नाही आलं, तुम्ही आत आलात. आप्पांना मात्र हा प्रकार फार लागला. माणूस कोंडायचा आपल्याला अधिकार नाही म्हणून त्या शेतकऱ्याला त्यांनी हात जोडले, घरी नेऊन जेवू घातलं. आणि जेवताना कलमं वाचून दाखवली.

आता आमच्या शाळेच्या गाडीविषयी सांगते, कारण आप्पांचं खरं वेड तिथं होतं.

मुलींना शाळेत आणायला सरकारकडून एक पडद्याची बैलगाडी होती. वर कमानीसारखं छत, चारी बाजूंनी जाड निळे पडदे. याकूबचाचा ती हाकत. सकाळी तीन फेऱ्या, दुपारी तीन. आईबाप मुली पाठवत ते या पडद्यांच्या भरवशावर. मी शिकवते म्हणून पाठवत असते तर फार बरं वाटलं असतं, पण तसं काही नव्हतं.

गाडी शाळेच्या कोपऱ्यावर आली की आप्पा हजर. हातात काठी, काठीला लाल फडकं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहत, घंटा वाजवत, आणि दोन्ही बाजूंची सगळी रहदारी जागच्या जागी थांबायची. टांगे, सायकली, सरकीची पोती वाहणारे हमाल, सगळे. शेवटची मुलगी उतरून शाळेच्या दारात शिरेपर्यंत कुणी हलायचं नाही. असा काही नियम सरकारात होता का? नव्हता. आप्पांनी तो लिहून वर पाठवला होता आणि उत्तर यायची वाट न पाहता अंमल सुरू केला होता. एकदा खुद्द तहसीलदारसाहेबांचा टांगा त्यांनी अडवला. साहेब आतून ओरडले, कोण आहे तो? आप्पांनी आधी झुकून तीनदा सलाम केला आणि मग म्हणाले, "आदी थांबा हुजूर. मग बोला." साहेब थांबले. पुढं बोलायचं काय ते त्यांना सुचलं नसावं.

याकूबचाचांशी त्यांचा रोजचा खटका. गाडीत आठच्या वर मुली नकोत. मुलींचे पाय आत. हाकताना विडी नाही. चाचा मला म्हणायचे, "बाई, ये मुन्शी मेरेकू बैल समझता क्या?" आप्पा त्यावर गंभीरपणे म्हणत, "बैलाला इत्तं सांगावं लागत न्हाई."

हा माणूस असा का, हे मला फार जाणून घ्यायचं होतं. मी इकडंतिकडं विचारलं. बायको वारलेली, घरी एकटेच, हातानं भाकरी करून खातात, एवढंच कळलं. कुणी म्हणालं डोक्यावर ऊन बसलंय. कुणी म्हणालं नोकरीत बढती हवी असेल. मला ही दोन्ही कारणं पटली नाहीत, पण तिसरं कुणाकडंच नव्हतं.

मग आला मुआयना.

तालीमातीचे मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे बडे अधिकारी, शनिवारी येणार असा कागद आला. कागदात स्पष्ट लिहिलं होतं, पटावर मुली सव्वीस असून हजेरी फार कमी असल्याची तक्रार आहे. तपासणीच्या दिवशी विसाच्या आत मुली भरल्या तर हा मदरसा बंद करून गाडी दुसऱ्या तालुक्याला देण्यात येईल. नोकरी जाईल याची भीती होतीच, ती नाकारत नाही. पण त्याहून मोठी धास्ती अशी की या सव्वीस जणींना दुसरी शाळाच नव्हती. एकदा घरी बसल्या की त्या बसल्याच.

मी घरोघर फिरून आईबापांची कबुली घेतली. सगळं ठरलं. आणि बुधवारी संध्याकाळी शिवलिंगआप्पांनी शाळेची गाडी कोंडवाड्यात नेली.

चाचा बैलांना पाणी पाजायला घेऊन गेले होते. गाडी शाळेसमोर रस्त्यावर उभी होती. कायद्यानं अर्धं जनावर. मी परत येते तो काय, पडद्यांसकट गाडी गायब.

गुरुवारी तीन मुली आल्या. सव्विसातल्या तीन, त्याही शेजारच्या. शाळा सुटल्यावर मी तडक कोंडवाड्यात गेले. आयुष्यात इतकी कधी रागावले नसेन.

"मुन्शीजी, उद्या जुम्म्याची सुट्टी. परवा मुआयना. गाडी आत्ताच्या आत्ता सोडा. तुमची पंचेचाळीस कलमं मी दोनदा ऐकते."

"आदी थांबा. मग..."

"थांबणार नाही," मी म्हणाले. "तुमच्या या खेळापायी शाळा बंद पडेल. कळतंय का तुम्हाला?"

ते मला गाडीपाशी घेऊन गेले, खाली वाकले आणि दोन चाकांच्या मधल्या आखावर बोट ठेवलं. आख म्हणजे ज्याच्यावर सगळी गाडी तोललेली असते तो दांडा. त्याला चीर गेली होती. आप्पांनी खिशातून एक खिळा काढला आणि त्या चिरेत घातला. तो निम्मा आत गेला.

"दोन दिसांपून चाकाचा आवाज येगळा यायलता," ते म्हणाले. "याकूबला म्हन्लं, त्यो हासला. आठ लेकरं बसल्यावर भर उतारावर हे मोडलं आसतं बाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी भीती आली. सुतार? सुतार देवगाव फाट्याला कुणाच्या तरी घराच्या माळवदाच्या कामावर गेलेला, चार दिवस येणार नव्हता. दुसरी गाडी? शुक्रवारी आप्पांनी गावातल्या सात गाड्या तपासल्या आणि सातही नापास केल्या. एकीची चाकं डुगडुगत होती, एकीचा बैल मारका होता, आणि एका गाडीवानाची नजर त्यांना पसंत पडली नाही. मला वाटलं, संपलं.

शनिवारी सकाळी मी शाळेच्या दारात उभी होते. चाचा धापा टाकत आले. "बाई, चलो. मुन्शीजी बुलारे."

कोंडवाड्यात जाऊन पाहते तो आप्पांनी शाळेच्या गाडीचे निळे पडदे उतरवून एकाला एक शिवले होते. हातानं, जाड दोऱ्यानं. चार कोपऱ्यांना चार बांबू. पुढचे दोन बांबू आप्पा आणि याकूबचाचांनी धरायचे, मागचे दोन चौकीदारांनी. मध्ये मोकळी जागा, वरून उघडी. म्हणजे चालता तंबूच. मुली आत चालणार, बाहेरून कुणाला काही दिसणार नाही.

"आईबाप पाठवतील का पण?" मी विचारलं.

त्यांनी रसीदबुक दाखवलं.

कोंडवाड्यात जनावर घेतलं की त्याची छापील रसीद द्यावी लागे. त्यावर सरकारची मोहर. रसीद दिली म्हणजे जनावराचा जिम्मा सरकारचा, ते जसं घेतलं तसंच परत करायचं. आप्पा प्रत्येक दारात जाऊन बापाच्या हातात अशी रसीद देऊ लागले. छापील रकाने जनावरांचे, पण रकाना रिकामा सोडणं आप्पांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी एक वाचली, अजून आठवते. 'किस्म: मुलगी. नग: एक. रंग: गहूवर्णी. शिंगं: नाहीत. खूण: डाव्या गालावर तीळ, वेणी एक, रिबन लाल. मिजाज: गरीब. सकाळी घेतली, दुपारी परत.' खाली सही, मोहर.

मी तोंडाला पदर लावून हसत होते. पण बाप हसले नाहीत. अडत्यांच्या घरचे आजोबा, जे माझ्याशी दाराआडूनच बोलायचे, त्यांनी रसीद दोनदा वाचली, मोहरेवर अंगठा फिरवून पाहिला आणि नातीला हाक मारली. एका बापानं तर तक्रार केली की त्याच्या मुलीचा मिजाज गरीब नसून तापट आहे, तसं लिहा. आप्पांनी खोडून तसं लिहिलं आणि खाडाखोडीवर वेगळी सही केली.

मी मुलींसोबत पडद्याच्या आत चालत होते. आत निळा उजेड पडला होता. मुलींना सगळी गंमत वाटत होती, एकमेकींच्या टाचांवर पाय देत, खिदळत चालल्या होत्या. बाहेर आप्पांची घंटा. बाजाराच्या कोपऱ्यावर आम्ही रस्ता ओलांडायला लागलो तेव्हा बाहेर टांग्याचे घुंगरू वाजत थांबले. कुणीतरी उर्दूत चढ्या आवाजात विचारलं, हा काय तमाशा आहे. आणि आप्पांचा शांत आवाज आला, "आदी थांबा हुजूर. मग बोला."

शाळेत पोचून मी हजेरी घेते न घेते तोच मोहतमीमसाहेब दारात. टांग्यातले तेच होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या मुन्शीनं मला रस्त्यात खोळंबून ठेवलं. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पडद्याखालचे पाय मोजले. पन्नास भरले. दोन तुमचे असतील."

"होय साहेब."

"चोवीस मुली," असं म्हणत त्यांनी स्वतःच वहीत आकडा लिहिला. जाताना त्यांनी एक रसीद मागून वाचायला घेतली. शिंगांच्या रकान्यापर्यंत आल्यावर त्यांच्या मिशा हलू लागल्या. शाळा राहिली. दुपारी आप्पांनी चोवीसच्या चोवीस मुली घरोघर परत केल्या आणि प्रत्येक रसीदीवर बापाकडून 'माल सुस्थितीत मिळाला' असं लिहून घेतलं.

यानंतर आठ-दहा दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळेला आप्पा ओसरीवर येऊन उभे राहिले. हातात काठी नव्हती. बराच वेळ खांबाकडं पाहत होते.

"बाई, एक इचारायचं हाय. मदरशाच्या कायद्यात वयाची आट हाय का?"

कायद्याविषयी त्यांनी मला विचारावं याचंच मला नवल वाटलं. "कुणाच्या वयाची?"

"माझी लेक आलीय राणीसावरगावहून. नीला. बाळंतपणाला. ईस वर्साची हाय. तिला आक्षर यायचं न्हाई." ते थांबले. मग म्हणाले, "म्या कायदा पाह्यलाय. आट लिव्हलेली न्हाई. पर तुमी न्हाई म्हन्लं तर न्हाई."

त्यांना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, आणा की. आणि खोड जाईना म्हणून विचारलं, "लहानपणी का नाही घातली शाळेत? तेव्हा गाडी नव्हती का?"

"होती," आप्पा म्हणाले. "हीच गाडी होती. सहा महिने आली ती. एक दिस शाळेच्या दारात कुनाची तरी बैल सोडलेली गाडी हुबी होती, म्हून लेकरं रस्त्याच्या मधीच उतरविली. येक टांगा घासून गेला. नीला पडली. गुडघा फुटला. बाई, गुडघाच फुटला निस्ता. हळद लावली, आठ दिसात बरा झाला. पर म्या भ्यालो. तिची माय न्हवती. म्हन्लं, घरीच ऱ्हाऊ दे. ती रोज दप्तर घिऊन दारात बसायची, म्या न्हाई पाठविलं. नवव्या वर्साला लगीन लावून दिलं." ते खाली बसले. "टांग्यावाल्याची चूक न्हवती. गाडीवाल्याची बी न्हवती. माझी होती."

माझे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पाहू नये म्हणून मी फळा पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून नीला आली. सात महिन्यांचं पोट घेऊन, पहिलीच्या चिमुरड्यांच्या मागं भिंतीला टेकून बसायची. लाजायची, पण पाटी सोडायची नाही. बाळंत होईपर्यंत आली, नंतर मी घरी जाऊन शिकवलं. मुलगी झाली. तिला पाळण्यात झोका देत देत नीला बाराखडी म्हणायची आणि आप्पा बाहेर ओट्यावर बसून भाकरीचं पीठ मळायचे. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर ती सासरी गेली.

महिना-दीड महिन्यानं आप्पा माझ्या खोलीवर आले. सकाळची वेळ होती. त्यांच्या हातात एक कार्ड होतं. मोठी मोठी वाकडी अक्षरं, शेवटची ओळ जागा न पुरल्यानं कडेनं वर चढलेली. ते कार्ड त्यांनी माझ्यापुढं धरलं.

"वाचून दाखवा."

"मुन्शीजी, तुम्हाला उर्दू येते, मोडी येते, बाळबोध येते. माझ्याकडं कशाला?"

"वाचलंय म्या. चार डाव वाचलंय." ते माझ्याकडं न पाहता म्हणाले. "पर माझ्याच आवाजात ऐकू यायलंय ते. बाईमाणसाच्या आवाजात ऐकावं वाटलं."

मी कार्ड घेतलं आणि हळू वाचू लागले. 'आप्पा, मी नीला. हे मीच लिहिलं, कुणी लिहून दिलं नाही. बाळीला दात येतो आहे. इथं भुईमूग चांगला आला. तुम्ही दोन्ही वेळा जेवता का.'

एवढंच होतं. वाचून झालं तरी आप्पा उठले नाहीत. मग मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.